व्हेंटिलेटर एक, रुग्ण दोन: ज्यू धर्मशास्त्र काय सांगतं?

पाणपोई | बुध, रात्री ९:४०

आमच्या भागातल्या एका धर्मादाय रुग्णालयाच्या समितीवर मी आहे. अतिदक्षता विभागातल्या खाटा कमी पडल्या तर आधी कुणाला घ्यायचं, याचे नियम लेखी असावेत असं ठरलंय. त्यासाठी वेगवेगळ्या परंपरा या प्रश्नाकडे कशा बघतात ते वाचायला घेतलं आणि ज्यू धर्मशास्त्रापाशी, म्हणजे हलाखापाशी, बराच रेंगाळलो. कारण तिथे हा प्रश्न थेट विचारलेला आहे.

तालमूद म्हणजे ज्यू धर्मगुरूंच्या चर्चांचा मोठा संग्रह. त्यातल्या बावा मेत्सिया या ग्रंथात (६२अ) वाळवंटातल्या दोन वाटसरूंची गोष्ट आहे. एकाच्या हातात पाण्याचं भांडं. दोघं प्यायले तर दोघंही मरणार, एकटाच प्यायला तर तो वस्तीपर्यंत पोचणार. बेन पतूरा म्हणतो, दोघांनी प्यावं आणि मरावं, पण एकानं दुसऱ्याचं मरण बघू नये. हीच शिकवण चालत आली होती. मग रब्बी (धर्मगुरू) अकिवा आले. त्यांनी बायबलच्या लेवीय या पुस्तकातलं 'तुझा भाऊ तुझ्यासोबत जगावा' हे वचन घेतलं आणि सांगितलं, तुझ्यासोबत जगायचं तर आधी तू जगायला हवास. तुझा जीव आधी.

दुसरीकडे मिश्नामध्ये, म्हणजे तालमूदच्या जुन्या गाभ्यात, होरायोत ग्रंथाच्या तिसऱ्या अध्यायात, चक्क क्रमवारी दिली आहे. जीव वाचवताना पुरुष स्त्रीच्या आधी. अंगावर कपडा द्यायचा असेल किंवा बंदिवासातून सोडवायचं असेल तर स्त्री आधी. याजक लेवीच्या (मंदिरातल्या सेवेकऱ्यांच्या कुळातल्याच्या) आधी, लेवी सामान्य इस्राएलीच्या आधी, आणि निषिद्ध संबंधातून जन्मलेला, ज्याला मामझेर म्हणतात, तो त्याच्याही खाली. पण शेवटी एक वाक्य येतं: मामझेर विद्वान असेल आणि महायाजक अडाणी असेल, तर मामझेर आधी.

माझं मत असं की आज उपयोगाची आहे ती भांड्याची गोष्ट, यादी नाही. ज्याच्या हातात भांडं आहे त्याच्याकडून ते काढून घ्यायचं नाही. पण भांडं तिसऱ्याच्या, म्हणजे डॉक्टरच्या हातात असेल तर? जाणकारांनी लिहावं.

खडीसाखर | बुध, रात्री ९:५८

वाचतेय. वेगळा विषय. पुढच्या भागाच्या प्रतीक्षेत.

मीनल_दी | बुध, रात्री १०:२०

पाणपोई, यादीच्या पहिल्याच ओळीला मी अडले. तुम्ही 'आज उपयोगाची नाही' म्हणून पुढे गेलात. पण कुठल्याही धर्माच्या पुस्तकात अशी ओळ असली की ती कुणीतरी, कधीतरी, कुठेतरी वापरतोच. एक बाई आणि एक पुरुष बुडत असताना आधी पुरुषाला हात द्यायचा, हे कुठल्या न्यायानं? आणि कपड्याला स्त्री आधी, म्हणजे लाज झाकायला आधी आणि जीव वाचवायला नंतर. हे मला संतापजनक वाटतं आणि त्यावर उत्तर हवंय.

आडवाटेचा | बुध, रात्री १०:३१

मीनलताईंशी सहमत. मूळ संहितेची, म्हणजे मिश्नाची, तारीख बघा, साधारण इ.स. २०० च्या सुमारास संकलित. तरीही प्रश्न उरतोच.

रेवदंडेकर | बुध, रात्री ११:१५

मी बेने इस्राएल, म्हणजे कोकणातला मराठी ज्यू. मूळ गाव रायगडात, राहायला ठाण्यात. माझ्या माहितीप्रमाणे लिहितो.

मीनलताई, तुमचा राग रास्त आहे. मध्ययुगातले मोठे धर्मशास्त्री मैमोनिदेस यांनी कारण दिलं ते असं की पुरुषावर धार्मिक आज्ञा जास्त आहेत. हे कारण आज माझ्या मुलीला सांगायची माझी छाती नाही. पण पुढे काय झालं तेही बघा. सोळाव्या शतकात योसेफ कारोंनी शुल्हान आरूख हा धर्मनियमांचा ग्रंथ लिहिला, तेव्हा बंदिवासातून स्त्रीला आधी सोडवावं हे घेतलं. नदीत बुडणाऱ्या दोघांत पुरुष आधी, ही भर पोलंडच्या मोशे इसरलेस यांच्या टीपेतून आली. आणि विसाव्या शतकात ज्यांच्या शब्दाला सर्वांत वजन होतं ते दोघे, न्यूयॉर्कचे रब्बी मोशे फाइनस्टाइन आणि जेरुसलेमचे रब्बी श्लोमो झाल्मान आवरबाख, दोघांनीही या क्रमवारीवर रुग्णालय चालवायला नकार दिला. फाइनस्टाइन म्हणाले, खोल अभ्यासाशिवाय त्यावर आचरण करणं अवघड. आवरबाख म्हणाले, आमच्या काळात त्याप्रमाणे वागणं फार कठीण, धोका किती मोठा आणि वाचण्याची शक्यता किती हे बघा.

म्हणजे ओळ खोडली नाही. ती खोडत नाहीत. पण तिच्या आधी इतक्या अटी उभ्या केल्या की तिच्यापर्यंत पोचायला वाटच उरली नाही. दोघं एकाच क्षणी आलेले हवेत, दोघांचा धोका सारखा हवा, दोघांची वाचायची आशा सारखी हवी. मग ती यादी.

आमच्या समाजाबद्दल थोडं. शेकडो वर्षं कोकणात आम्हाला रब्बी नव्हता, तालमूद नव्हता. तेलाचा घाणा शनिवारी बंद ठेवायचा म्हणून लोक आम्हाला शनवार तेली म्हणायचे. एवढा मोठा वाद आमच्या वाडवडिलांना ठाऊक असणं शक्य नव्हतं. पण किप्पूरच्या, म्हणजे प्रायश्चित्ताच्या दिवसाच्या, उपासाला माझ्या आजीची साखर खाली गेली, हातपाय थंड पडले, तेव्हा आजोबांनी कुणालाही न विचारता तिच्या तोंडात गुळाचा खडा घातला. देवळातून परत आलेल्या वडीलधाऱ्यांपैकी एकानेही 'उपास मोडला' हा शब्द उच्चारला नाही. जीव वाचवण्यासाठी शब्बाथ (शनिवारची सक्तीची विश्रांती) आणि उपास दोन्ही बाजूला ठेवायचे, हे तालमूदच्या योमा ग्रंथात लिहिलंय ते मला पुष्कळ नंतर कळलं.

मीनल_दी | बुध, रात्री ११:४०

रेवदंडेकर काका, नीट उत्तर दिल्याबद्दल मनापासून आभार. माझं समाधान अर्धंच झालं. पण कुणीतरी 'त्या काळी असंच होतं' म्हणून मला गप्प केलं नाही, हे आवडलं.

वऱ्हाडी_डॉक्टर | गुरु, पहाटे १:०५

रात्रपाळीवर आहे, मधला वेळ मिळाला म्हणून लिहितो. 'भांडं काढून घ्यायचं नाही' याला माझा विरोध आहे, आणि तो पुस्तकी नाही.

२०२१ च्या एप्रिलमध्ये मी विदर्भातल्या एका सरकारी रुग्णालयात निवासी डॉक्टर होतो. हाय फ्लो मशीन, म्हणजे नाकातून जोरानं ऑक्सिजन देणारं यंत्र, मिनिटाला ६० लिटरपर्यंत ऑक्सिजन ओढतं. साध्या मास्कवरच्या माणसाला ५ ते १० लिटर लागतो. म्हणजे हाय फ्लोवरचा एक रुग्ण जेवढा प्राणवायू घेतो, तेवढ्यात मास्कवरचे सहाजण तरी निघतात. रात्री लाइनचं प्रेशर उतरायला लागलं की भिंतीवरचा काटा थरथरायचा आणि वॉर्डबॉय जंबो सिलिंडर फरशीवरून गोल गोल फिरवत आणायचा. तो खडखडाट ऐकला की अख्खा वॉर्ड जागा व्हायचा, कारण रुग्णांनाही अर्थ कळायचा.

आता मला सांगा, हाय फ्लोवर एक आजोबा आहेत, आठ दिवस झालेत, फुप्फुसं गेलीत, किडनी बंद पडत आलीय. बाहेर व्हरांड्यात स्ट्रेचरवर पस्तिशीची बाई आहे, तिला आत्ता मशीन मिळालं तर ती घरी जाईल. तुमचा रब्बी म्हणतो, आजोबांचं काढू नका. मग त्या बाईला मी काय सांगू? पहिल्यांदा आलेल्याला मिळालं, आता तुम्ही उशिरा आलात? नियम असा असेल तर तो नियम माणसं मारतो. हातात भांडं असणं हा योगायोग आहे, हक्क नाही.

खडीसाखर | गुरु, सकाळी ७:२५

डॉक्टर, वाचून चहा थंड झाला. पुढे काही सुचत नाही.

पाणपोई | गुरु, सकाळी ८:१०

डॉक्टर, नेमका हाच प्रश्न मला छळतोय. शास्त्राची बाजू मांडतो, कारण ती केवळ 'आधी आला त्याचं' एवढी सरळ नाही.

फाइनस्टाइन यांच्याकडे १९८० च्या दशकात अमेरिकेतल्या डॉक्टरांनी असेच प्रश्न पाठवले होते. त्यांचं उत्तर दोन पायऱ्यांचं आहे. दोघं एकदम दाराशी आले तर ज्याला बरं करता येईल असं डॉक्टरांना वाटतं तो आधी, ज्याचं थोडंच आयुष्य उरलंय तो नंतर. तुमची पस्तिशीची बाई इथे पहिली. पण थोडं आयुष्य उरलेला आधीच आत घेतला गेला असेल, तर त्याला बाहेर काढायचं नाही. ती जागा आता त्याची. शिवाय बाहेर काढलं की त्याला कळणार, आपली आशा संपली, आणि तो धक्काच त्याला मारू शकतो, हाही विचार त्यांनी केलाय.

यामागे तालमूदच्या सान्हेद्रिन ग्रंथातली (७४अ) गोष्ट आहे. एकजण राबा या रब्बीकडे आला. म्हणाला, गावच्या अधिकाऱ्यानं हुकूम केलाय, अमक्याला ठार मार नाहीतर तुला मारतो. राबा म्हणाला, मर, पण मारू नको. तुझं रक्त जास्त लाल आहे असं कुणी सांगितलं? त्याचं रक्त जास्त लाल असेल कदाचित.

डॉक्टर, त्या आजोबांपेक्षा त्या बाईचं रक्त लाल आहे, हे म्हणायचा अधिकार कुणाचा, असा तो प्रश्न आहे.

वऱ्हाडी_डॉक्टर | गुरु, सकाळी ८:४५

पण दाराशी तुम्ही तेच म्हणताय की. दारात शक्यता बघायची आणि दार ओलांडलं की नाही बघायची, हा फरक मला पटत नाही. रक्त दारातही सारखंच लाल असतं.

कायदेबाज | गुरु, सकाळी १०:०२

भारतीय कायद्याची बाजू थोडक्यात. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ च्या कॉमन कॉज निकालात उपचार न सुरू करणं आणि सुरू केलेले थांबवणं, दोन्हीला परवानगी दिली. २०२३ च्या जानेवारीत प्रक्रिया जरा सोपी केली. पण हे सगळं त्या रुग्णाच्या इच्छेसाठी आणि हितासाठी आहे. दुसऱ्याला मशीन हवंय म्हणून पहिल्याचं काढा, याला त्या निकालांचा आधार नाही. पाणपोई, समितीच्या नियमात हे मिसळू देऊ नका. एक वाक्य चुकीचं गेलं तर ड्यूटीवरचा डॉक्टर अडकेल.

अश्दोदची_लेक | गुरु, दुपारी ३:३०

नमस्कार मंडळी. मी लग्न होऊन ठाण्याहून इस्रायलला आले. इथे अश्दोदमध्ये आपले मराठी ज्यू पुष्कळ आहेत, दिमोनात, लोदमध्ये, बीरशेबातही आहेत. अतिदक्षता विभागात नर्स आहे. धागा बहिणीने पाठवला.

डॉक्टर दादा, तुमचा आणि पाणपोईंचा वाद इथे कायद्यात उतरलेला आहे. २००० साली सरकारने प्राध्यापक अव्राहाम स्टाइनबर्ग यांच्या अध्यक्षतेखाली ५९ जणांची समिती नेमली. ते स्वतः मेंदूविकारतज्ज्ञ आणि रब्बी. त्यातून मरणासन्न रुग्णाचा कायदा २००५ साली झाला. त्यात उपचारांचे दोन प्रकार केले आहेत. एक अखंड चालणारा, जसा व्हेंटिलेटर. तो लावायचा नाही असं रुग्ण म्हणू शकतो, पण एकदा लावला की बंद करता येत नाही. दुसरा फेऱ्याफेऱ्यांनी चालणारा, जसं डायलिसिस किंवा केमो. त्याची पुढची फेरी रुग्णाच्या इच्छेने सुरू न करणं चालतं. कारण तिथे कुणी काही ओढून काढत नाही, फक्त नव्याने सुरू करत नाही.

मग समितीने विचारलं, व्हेंटिलेटरलाही फेऱ्या करता येतील का? रब्बी एलिएझर वाल्डेनबर्ग यांनी हे खूप आधी सुचवलं होतं. ते जेरुसलेमच्या शारे झेदेक रुग्णालयाशी जोडलेले होते आणि त्यांची उत्तरं डॉक्टरांच्या रोजच्या अडचणीतून आलेली असत. त्यांचं म्हणणं, मशीनला टायमर लावा. ठरावीक तासांनी ते आपोआप थांबेल, तेव्हा रुग्णाला तपासा आणि पुन्हा सुरू करायचं की नाही ते ठरवा. कायद्यात ही तरतूद आहे. मी काम करते तिथे मात्र असा टायमर मी कधी पाहिला नाही.

हा कायदा मरणाऱ्याच्या इच्छेचा आहे, टंचाईचा नाही, हे कायदेबाजांनी म्हटलंय ते इथेही लागू. पण प्रत्यक्षात काय होतं ते सांगते. रात्री फोन येतो, आकस्मिक विभागात एक आहे, वर जागा आहे का? डॉक्टर पूर्ण यादी बघतात. कुणाला साध्या वॉर्डात हलवता येईल? जो बरा होतोय त्याला हलवतात, जो मरतोय त्याला नाही. मी नवीन असताना मला उलटं वाटायचं. आता वाटतं, निदान मरणाऱ्याला माहीत असतं की त्याच्या खाटेकडे कुणी डोळा लावून बसलेलं नाही. आणि त्याच्या बायकोला माहीत असतं. ती रात्री घरी जाऊन झोपू शकते.

वऱ्हाडी_डॉक्टर | गुरु, सायं ६:२०

ताई, तुमचं शेवटचं वाक्य दोनदा वाचलं. आमच्याकडे नातेवाईक झोपत नव्हते, हे खरंय. पायथ्याशी चटई टाकून बसायचे आणि मशीन राखायचे. मी राउंडला गेलो की आधी माझ्या हातांकडे बघायचे.

तरी ऑक्सिजनचा प्रश्न राहिलाच. लाइन सगळ्यांची एक आहे. तिथे भांडं कुणाचं?

अश्दोदची_लेक | गुरु, सायं ७:४०

हे माझं स्वतःचं मत, कुठल्या रब्बीचं नाही. सिलिंडर हा फेरीचा उपचार आहे. एक संपला, दुसरा जोडायचा, त्या क्षणी तुम्ही नव्याने ठरवता. लाइनमधला मात्र सुरू आहे तोवर अखंड. आणि साठा सगळ्यांचा असेल तर एकाचा फ्लो थोडा उतरवून तो तग धरतो का बघणं म्हणजे त्याचं भांडं हिसकावणं नाही, एकाच भांड्यातलं वाटणं आहे. शून्यावर आणणं ही वेगळी गोष्ट.

वऱ्हाडी_डॉक्टर | गुरु, सायं ७:५५

आम्ही तेच करत होतो. ज्यांच्या रक्तातला ऑक्सिजन ९४ टक्क्यांवर आहे त्यांचा फ्लो उतरवून ९० वर धरायचा. बरं वाटलं वाचून.

आडवाटेचा | गुरु, रात्री ९:१०

डॉक्टरांच्या एकास सहा या हिशोबावर. हलाखात संख्येचा प्रश्नही जुना आहे. तोसेफ्ता या मिश्नाच्या पुरवणी-ग्रंथात (तेरुमोत) प्रसंग आहे. एका टोळक्याला शत्रू अडवतात, म्हणतात, तुमच्यातला एक द्या, आम्ही त्याला मारू, नाहीतर सगळ्यांना मारू. निकाल: सगळे मेले तरी चालतील, एकही जीव हातानं द्यायचा नाही. त्यांनी नाव घेऊन माणूस मागितला तर गोष्ट वेगळी. त्या अटीवरही पुढे मतभेद आहेत.

इस्रायलमधल्या बने ब्राकचे रब्बी कारेलित्झ, ज्यांना हाझोन ईश म्हणतात, ते १९५३ साली वारले. त्यांनी यावर एक कल्पना मांडली. बाण पुष्कळ लोकांवर चाललाय. तो वळवला तर दुसऱ्या बाजूचा एकच मरेल. वळवावा का? त्यांना वाटतं, माणूस हवाली करणं हे क्रूर कृत्य आहे, तर बाण वळवणं हे मुळात वाचवण्याचं कृत्य आहे, त्यामुळे फरक असू शकेल. पण त्यांनी ठाम निकाल दिला नाही, आणखी विचार हवा म्हणून सोडून दिलं. एवढा मोठा माणूस थांबला, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

आणि हे कागदावरचे प्रश्न नव्हते. लिथुआनियातल्या कोव्हनो घेटोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, १९४१ च्या सप्टेंबरात जर्मनांनी कारागिरांसाठी ५००० दाखले पाठवले. घेटोत माणसं ३०,००० च्या आसपास. दाखला असेल त्यालाच जगण्याची शक्यता. वाटायचे का? ऑक्टोबरात हुकूम आला, सगळ्यांनी मैदानात जमा. घेटोतल्या ज्यू मंडळाला कळत होतं की निवड होणार. हा हुकूम आपल्या हातानं लोकांना कळवायचा का, हे विचारायला ते वयोवृद्ध, आजारी रब्बी अव्राहाम दोव बेर काहाना शापिरो यांच्याकडे गेले. रब्बींनी तत्काळ उत्तर दिलं नाही, रात्र ग्रंथ उलटण्यात घालवली. मग म्हणाले, ज्या उपायाने समाजातले काहीजण तरी वाचू शकतील तो करायचं बळ पुढाऱ्यांनी धरावं. २८ ऑक्टोबरला लोक मैदानात जमले. दुसऱ्या दिवशी शहराजवळच्या 'नववा किल्ला' या जागी सुमारे ९,२०० माणसं मारली गेली.

रुग्णालयाची तुलना घेटोशी करायची नाही, तिथे मारेकरी होते. एवढंच म्हणायचंय, की हे नियम करणाऱ्यांनी त्या रात्री पाहिलेल्या आहेत.

मीनल_दी | गुरु, रात्री ९:३५

आडवाटेचा, हे मला माहीत नव्हतं. लिहिलंत ते बरं केलंत.

झुळूक | शुक्र, सकाळी ९:१५

जरा हलकं लिहू का? बेन पतूरा आणि अकिवा म्हणजे आपल्यासारखाच धागा आहे, फक्त अठराशे वर्षं चाललाय आणि कुणी कुलूप लावलं नाही. हरलेल्याचं मतही तिथेच ठेवलंय, उडवलेलं नाही. मला हेच फार आवडलं.

अवांतर: पुण्याचं ससून रुग्णालय डेव्हिड ससून यांच्या देणगीतून उभं राहिलं, आणि कॅम्पातलं लाल देऊळही त्यांचंच. बगदादी ज्यू. आमची निम्मी गल्ली ससूनमध्ये जन्मलीय.

रेवदंडेकर | शुक्र, सकाळी १०:४०

झुळूक, लाल देवळाला कधी गेलात तर आतून बघा, फार सुंदर आहे. आणि अलिबागकडे आलात तर आमच्याकडचा मलिदा खाऊन जा. पोहे, गूळ, खोबरं, वर फळं. एलियाहू हन्नाबीच्या, म्हणजे एलिया प्रेषिताच्या, नावाने करतो.

खडीसाखर | शुक्र, सकाळी ११:०५

मलिद्याची पूर्ण पाकृ वेगळ्या धाग्यात टाकाच काका!

कायदेबाज | शुक्र, दुपारी १२:२०

अवयवदानाबद्दल कुणी लिहिलं नाही. टंचाई तिथे तर कायमची. इस्रायलने २००८ साली कायदा करून नियम केला की ज्याने दात्याचं कार्ड भरलंय त्याला स्वतःला अवयव लागला तर प्राधान्य. ज्या कुटुंबाने मृत नातेवाइकाचे अवयव दिले, त्यांना त्याहून जास्त. मागे कारण असं की काही लोक अवयव घ्यायला तयार होते, द्यायला नव्हते. हे हलाखात बसतं का?

अश्दोदची_लेक | शुक्र, दुपारी २:१०

कायदेबाज, यावर इथे खूप भांडण झालं. मेंदू मृत म्हणजे माणूस मृत, हे मुख्य रब्बी मंडळाने १९८६ साली काही अटींवर मान्य केलं. पण रब्बी आवरबाख आणि रब्बी एल्याशीव यांना ते मान्य नव्हतं. त्यांच्या मागे चालणारा माणूस मनापासून मानतो की धडधडतं हृदय काढणं म्हणजे मारणं. त्याला 'तू स्वार्थी' म्हणून मागे ढकलायचं का? मला स्वतःला कायदा बरा वाटतो, त्याने कार्डं भरली गेली. पण मी हे एका हरेदी, म्हणजे कट्टर धर्मनिष्ठ, आईसमोर मोठ्याने बोलू शकत नाही, जिचा मुलगा यादीत आहे. तातडीची वैद्यकीय गरज वेगळी धरतात, एवढा दिलासा.

(आज लवकर थांबते, शब्बाथची तयारी राहिलीय. रविवारी लिहीन.)

पाणपोई | शुक्र, रात्री ८:३०

इतके प्रतिसाद येतील असं वाटलं नव्हतं. मूळ प्रश्नाकडे येतो. डॉक्टर भांडं हातात धरून उभा असेल तर काय, याचं उत्तर मला आता असं दिसतंय. दारात: आधी गरज किती तातडीची, मग वाचण्याची शक्यता. याबाबत प्री मेगादीम या अठराव्या शतकातल्या टीकेतही आहे, ज्याच्या जिवाला नक्की धोका आहे तो, ज्याला कदाचित धोका आहे त्याच्या आधी. आत घेतल्यावर: दुसऱ्यासाठी कुणाचंही काढायचं नाही, पण नवी फेरी सुरू करताना विचार करायचा. जात, ओळख, पैसा, वशिला यांना कुठेच जागा नाही. बाई-पुरुष नाही.

एक राहिलं, वय. समितीतले दोघं म्हणतात, साठीच्या वरचे नंतर.

वऱ्हाडी_डॉक्टर | शुक्र, रात्री ९:००

वय लिहू नका. वय लिहिलं की ड्यूटीवरचा पोरगा आधार कार्ड बघेल, रुग्ण नाही बघणार. सत्तरीतला शेतकरी आणि पन्नाशीतला मधुमेही, कोण टिकेल हे आधार कार्ड सांगत नाही. वयामुळे शक्यता कमी होत असेल तर ती शक्यतेत येतेच.

रेवदंडेकर | शुक्र, रात्री ९:२५

डॉक्टर म्हणतात तेच फाइनस्टाइन यांचंही. अगदी वृद्धालाही औषधोपचार द्यायचे, वय हा उपचार नाकारायचा मुद्दा नाही, असं त्यांनी लिहून ठेवलंय. योमात तर ढिगाऱ्याखालच्या माणसासाठी शब्बाथ मोडतात, तो काही घटकाच जगणार असला तरी.

मीनल_दी | शुक्र, रात्री १०:१०

'आधी आला' यावर माझा शेवटचा आक्षेप. गरज आणि शक्यता सारख्या असल्या तर तुम्ही वेळ बघणार. पण आधी कोण येतो? ज्याच्या दारात गाडी आहे तो. पाड्यावरची बाई आधी झोळीत, मग जीपमध्ये, मग प्राथमिक केंद्रात, मग तिथून रेफर होऊन तुमच्याकडे. ती नेहमीच दुसरी येणार. दारापासून वेळ मोजलीत तर वशिला नसतानाही वशिलाच.

पाणपोई | शुक्र, रात्री १०:५०

मीनलताई, अगदी महत्त्वाचं. आणि याला फाइनस्टाइन यांच्या उत्तरात आधार सापडतोय. डॉक्टरला दोन घरांतून बोलावणं आलं तर ज्याने आधी बोलावलं त्याच्याकडे आधी जावं, असं ते म्हणतात. त्याच्याकडे जायची जबाबदारी तेव्हाच सुरू झाली. घर जवळ की लांब, हा मुद्दा नाही. म्हणजे प्राथमिक केंद्रातून रेफरचा फोन आला तीच नोंदीची वेळ धरता येईल.

वऱ्हाडी_डॉक्टर | शुक्र, रात्री ११:२०

हे करा. फक्त फोनसाठी वेगळी वही ठेवा आणि रात्री तो उचलणारा माणूस ठरवून नेमा. आमच्याकडे रेफरचा फोन कॅज्युअल्टीच्या टेबलावर वाजत राहायचा, कारण उचलणं कुणाचंच काम नव्हतं. वहीत वेळ, केंद्राचं नाव, ऑक्सिजन किती, एवढं पुरे. रुग्णाचं नाव आणि आडनाव त्या पानावर नकोच, खाट देण्याचा निर्णय झाल्यावर लिहा.

कायदेबाज | शुक्र, रात्री ११:३२

आडनाव नंतर लिहिण्याची सूचना उत्तम. प्रत्येक निर्णयाखाली दोन डॉक्टरांच्या सह्या ठेवा, एकट्यावर भार नको.

मीनल_दी | शनि, सकाळी ७:५०

आणि पाड्यावरून थेट आलेल्यांचं, जे केंद्रात गेलेच नाहीत, त्यांचं काय तेही मसुद्यात घ्या. आशाताईचा फोनसुद्धा त्याच वहीत धरावा असं मला वाटतं. मसुदा झाला की इथे टाका, वाचून सांगते.